मधला थर

गाडीच्या मागच्या सीटवर बसा. पुढे नको, पुढे बसलं की नजर आपोआप रस्त्यावर जाते. गाडी सुरू करायची नाही, किल्ली घरातच राहू दे. एक दार उघडं ठेवा, म्हणजे पाय बाहेर सोडता येतील आणि कोंडल्यासारखं होणार नाही. आता मान मागे टेकवा आणि वर बघा.

गाडीतल्या या जागेकडे आपण कधी बघतच नाही. डॅशबोर्डवरचा गणपती पाठ असतो, सीटवरचा चहाचा डाग कोणी आणि कुठल्या घाटात पाडला तेही आठवतं. पण छत आतून कुठल्या रंगाचं आहे असं कोणी विचारलं, तर आपण 'पांढरटच असेल' असं काहीतरी पुटपुटतो. आत्ता बघताय म्हणून दिसेल: ते पांढरं नाही. उन्हात ठेवलेल्या जुन्या वहीच्या पानासारखा त्याचा रंग आहे. दिव्याभोवती बोटांचे काळपट ठसे आहेत. आणि कडेकडेने नजर फिरवत मागच्या काचेपर्यंत गेलात, तर कदाचित एक जागा सापडेल जिथे कापड छताला धरून नाही.

माझ्या गाडीत ती जागा मागच्या डाव्या कोपऱ्यात होती. 2006 सालची छोटी गाडी. 2021 मध्ये तिला पंधरा वर्षं भरली, तेव्हा पर्यावरण कर भरून, पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, आणि आतून हे. आधी तळहाताएवढा फुगा. त्या वर्षीचा पाऊस संपेपर्यंत तो परातीएवढा झाला. काच खाली करून गाडी चालवली की तो झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा वरखाली व्हायचा. आई नेहमी मागेच बसते. तिच्या अंबाड्याला कापड लागायला लागलं. "आभाळ खाली आलंय गो," ती म्हणाली, आणि पुढच्या खेपेला डोक्यावरून पदर घेऊन बसली, कीर्तनाला बसावं तशी.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपल्याकडे म्हणतात. पण हे आभाळ फाटलेलं नव्हतं. एक टाका उसवलेला नव्हता, कुठे चीर नव्हती. कापड धडधाकट आणि वरचा पत्राही धडधाकट. तरी दोघांची फारकत झालेली. मला त्याचंच नवल वाटत राहिलं.

हात वर करा. बोटांच्या टोकांनी तो फुगा हळूच दाबा, कच्च्या मडक्याला हात लावतो तसा. वर टेकला? आता सोडा. पुन्हा खाली आला. परत दाबा, आणि या वेळी कान द्या. आत काहीतरी चुरचुरतं. वाळूइतकं कडक नाही. जुन्या, किंचित ओलसर रव्यावर चमचा दाबावा तसं. हा आवाज नीट ऐका, कारण दुखणं तिथे आहे.

छत म्हणून आपण जे बघतो ते खरं तर तीन थरांचं असतं. सगळ्यात खाली, आपल्या बाजूला, कापड: विणीचं, बनियनसारखं थोडं ताणलं जाणारं. सगळ्यात वर एक साच्यात दाबून घडवलेला बोर्ड: कुठे काचतंतूंचा, कुठे लगद्याचा, छताच्या पत्र्याच्या आकाराचा. आणि या दोघांच्या मध्ये तीनेक मिलिमीटरचा फोम. तो कारखान्यातच कापडाच्या पाठीला लावून येतो. हात लावल्यावर छत मऊ लागतं ते त्याच्यामुळे, बोर्डाचे खड्डे-उंचवटे कापडावर उमटत नाहीत तेही त्याच्यामुळे. गोंद फोमला बोर्डाशी धरून ठेवतो. कापड फोमला धरून असतं. म्हणजे कापडाचा बोर्डाशी थेट संबंध असा कधी नव्हताच. सगळी नाती मधल्याच्या जिवावर.

हा फोम पॉलियुरेथेनचा. या पदार्थाचं मूळ जर्मनीत, लेव्हरकुसेनला, 1937 मध्ये ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात आहे. पुढे त्याचा फोम आला आणि गाद्या, सोफे, बुटांचे तळ, गाड्यांच्या सीटा सगळीकडे शिरला. हलका, स्वस्त, हवा तसा कापता येणारा. फक्त त्याला म्हातारपण फार विचित्र येतं. लाकूड वाळतं, लोखंड गंजतं, कापड विरतं, आणि ते सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं. फोम बाहेरून जसाच्या तसा दिसत राहतो आणि आतून त्याची भुकटी होते. त्याच्या एका जातीला हवेतला ओलावा खातो: पाण्याची वाफ रेणूंच्या साखळीतल्या कड्या तोडत जाते. दुसऱ्या जातीला ऊन आणि हवेतला प्राणवायू पुरतो. कोकणात दोघांचीही सोय आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि चैत्र-वैशाखात बंद गाडीत शिरावं तर स्टीअरिंगला हात लावायला फडकं लागतं.

बंद गाडी किती तापते हे अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टेम्पी या शहरात मोजलेलं आहे. 2018 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड 69 वर. छताचा फोम तर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या लगेच खाली असतो. त्या पत्र्याची जाडी मिलिमीटरभरही नसते. दिवसा भाजायचं, रात्री गार व्हायचं, पावसाळ्यात चार महिने दमट राहायचं. अशी पंधरा-सोळा वर्षं त्या तीन मिलिमीटरांनी काढली, आणि मी 'काय फालतू गोंद लावलाय' म्हणून बोटं मोडत होते. गोंद शाबूत होता. बोर्ड बाहेर काढल्यावर पाहिलं तर त्याला अजून फोमची एक पातळ कातडी घट्ट चिकटलेली होती. गोंदाने आपली बाजू सोडली नव्हती. फोमच स्वतःपासून सुटला होता.

इथे थोडी कबुली देते. हे कळायच्या आधी मी सगळे उपाय केले. पहिल्यांदा टाचण्या. त्या उतरत्या बाजूने पडायच्या, आणि एक आईच्या मांडीवर पडली तेव्हा तो प्रयोग संपला. मग गादीवाले वापरतात तशा पिळाच्या पिना. त्या आठवडाभर टिकल्या आणि छत कोंबडीच्या सोललेल्या कातडीसारखं दिसायला लागलं. मग इंजेक्शनच्या सिरिंजने कापडाच्या आत गोंद सोडला, हा उपाय मला फार हुशारीचा वाटला होता. गोंद भुकटीत मुरला, कापडातून पिवळे डाग वर आले, फुगा तिथेच. आज वाटतं, या सगळ्या उपायांत एक साम्य होतं: मला छत खाली न काढता दुरुस्त करायचं होतं. आधी खाली काढावं लागेल हे मनाला मान्य होत नव्हतं.

तेव्हा आता मनाला तेवढं सांगा, आणि सीटवरून उठण्याआधी अजून घटकाभर वर बघा. कारण यापुढे ते असं दिसणार नाही.

छताला कापड लावायची कल्पना गाड्यांनी काढलेली नाही. कौलारू घरात देवाच्या वर चांदवा बांधायचे, कौलांमधून गाळ-कचरा, पालीची लेंडकं पडू नयेत म्हणून पलंगावरही कापड ताणायचे. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरच्या काळातल्या गाड्यांचं छत याच्याच जवळचं होतं. कापड किंवा रेक्झिन शिवून, त्याच्या नेफ्यांतून तारेच्या कमानी घालून ते वर ताणायचे, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणतात तसं. तिथे फोमवर भिस्त नव्हती. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी त्या छतांचे काय थाट केले! फुलाफुलांचे, वेलबुट्टीचे, चांदण्यांचे. 2015 मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी मुंबईच्या टॅक्सींच्या सीटा आणि छतं आपल्या चित्रांच्या कापडाने मढवली, तेव्हा अंधेरी ते कुलाबा मान वर करून जाणारी माणसं दिसायची. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. ती ताणलेली कापडं विटायची, मळायची, क्वचित फाटायची. असं भुकटी होऊन अंगावर येणं हे आपल्या काळाचं.

आता उठा. घाई नाही.

छत उतरवून नवं कापड लावायचं हे काम पावसाळ्यात करू नका. कोकणात तर दिवाळी उलटून हवा कोरडी झाल्याशिवाय हातच घालू नका. का ते पुढे कळेल. आणखी एक बघा: गाडी अलीकडची असेल, दारांमधल्या खांबांवर किंवा छताच्या कडेला 'एअरबॅग' अशी अक्षरं कोरलेली असतील, तर छताच्या कडेने घडी करून ठेवलेली पडद्याची एअरबॅग असते. मग हे घरचं काम नाही. तिथे नुसतं बसून वर बघितलंत तेवढं पुष्कळ, पुढचं कारागिरावर सोपवा. माझ्या गाडीला तसलं काहीच नव्हतं. तरी बॅटरीची वायर आधी काढली, कारण छतातल्या दिव्याला वीज असते.

मदतीला शेजारचे काका होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लाल गाड्यांची छतं बाहेरून आतून पाहिलेली. त्यांनी खळ्यात एक जुनी चादर अंथरली, तिच्यावर सहा वाट्या मांडल्या, आणि प्रत्येक वाटीत एकेका ठिकाणचे स्क्रू ठेवायचे असं मला बजावलं. सनवायझर दोन, दारांवरची धरायची हँडलं तीन, छतातला दिवा, खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणं, दारांच्या चौकटीचं रबरी बीडिंग. हे सगळं छताच्या कडा धरून असतं. एकेक सुटतं तसं छत सैल होत जातं, आणि गंमत अशी की शेवटचं हँडल निघेपर्यंत ते पडत नाही. क्लिपा मात्र नाजूक. सोळा वर्षांच्या प्लॅस्टिकला जोर लावला की ते 'टक' म्हणून हातात येतं. माझ्याकडून दोन तुटल्या. काका काही बोलले नाहीत, खिशातून दोन काढून वाटीत टाकल्या. तुटणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

बोर्ड बाहेर काढायचा तो दोघांनी. पुढच्या सीटा पूर्ण आडव्या पाडून, मागच्या डिक्कीच्या दारातून. वाकवायचा नाही. एकदा त्याला घडी पडली की ती नव्या कापडातूनही आयुष्यभर दिसते. "पालखी निघाल्यासारखी काढायची," काका म्हणाले. निघाला तो खरंच तसा, दोन्ही बाजूंना धरलेला, मध्ये झुलणारा, आणि त्यातून सगळ्यांवर नारिंगी धूळ सांडत.

बोर्ड गेल्यावर एकदा गाडीत परत जाऊन बसा. हे मात्र चुकवू नका. वर नुसता पत्रा आहे. आडव्या दोन पट्ट्या, दिव्याची चिकटपट्टीने धरलेली वायर, कारखान्यात उडालेल्या रंगाचे तुषार, आणि माझ्या गाडीत तरी एका पट्टीवर खडूने केलेली बरोबरची खूण. 2006 मध्ये कुठल्यातरी पाळीत कोणीतरी हे तपासलं, खूण केली, आणि त्यावर छत बसलं. बोटाने पत्र्यावर टिचकी मारा. डब्याचा आवाज. दार लावून दोन शब्द बोला: आपलाच आवाज आपल्यावर परत येतो. इतकी वर्षं गाडीत आपण जे बोललो, भांडलो, गप्प बसलो, ते सगळं त्या तीन मिलिमीटरांनी थोडं थोडं पिऊन घेतलं होतं म्हणून गाडीत घरच्यासारखं वाटायचं.

आता घासणं. मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, आणि सगळ्यात कंटाळवाणंही हेच.

बोर्ड बाजेवर उताणा ठेवा, कापडाची बाजू वर. एका कोपऱ्यातून कापड धरून ओढा. ते इतकं सहज निघून येतं की वाईट वाटतं. खाली उरतो तो फोम: कुठे मऊ, कुठे चिकट, बहुतेक जागी भुकटी. रंग नाचणीच्या पिठात हळद पडावी तसा. नाकाला फडकं बांधा, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला, कारण काचतंतूंचा बोर्ड असेल तर हातांना दिवसभर खाज सुटते. ब्रश प्लॅस्टिकचा, कपडे घासायचा. तारेचा घेतलात तर बोर्डाचे तंतू उपटून येतील. आणि घासा. गोल नको, एका दिशेने, हलक्या हाताने. भुकटी उडते, खाली पडते, हवेत तरंगते. झटका. पुन्हा घासा.

पंधरा मिनिटांनी वाटेल झालं. तळहात फिरवून बघा. हात नारिंगी झाला? झालं नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा वाटेल. मी तेव्हा चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडायलाच निघाले होते. काकांनी माझा हात धरला, स्वतःचा तळवा बोर्डावर फिरवून माझ्यासमोर धरला. पिवळसर. "यावर लावशील ते याला चिकटेल," ते म्हणाले. "बोर्डाला नाही." मग मी परत बसले. त्यानंतरचा पाऊण तास माझ्या लक्षात राहिला आहे, कारण त्यात काहीच घडलं नाही. खळ्याच्या कडेला कोंबड्या. आई आत तांदूळ निवडत होती, तिच्या सुपाचा आवाज माझ्या ब्रशच्या आवाजात मिसळत होता, दोघींचंही काम एकच: टाकायचं ते टाकणं. नव्याची घाई झालेल्या माणसाला हे कळत नाही की या कामाचे तीन भाग वेळ जुनं काढण्यात जातो आणि एक भाग नवं लावण्यात. घरं रंगवणाऱ्यांना विचारा. तेही भिंत खरवडण्यातच दिवस घालवतात आणि आपण मात्र त्यांच्या रंगाच्या हाताचं कौतुक करतो.

हात कोरडा, स्वच्छ निघाला की थांबा. त्याआधी नाही. शेवटी ओलसर फडकं फिरवा आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या.

कापडाबद्दल थोडंच. दुकानात 'रूफ लायनिंगचं फोमवालं कापड' म्हणून मागा. पाठीला फोम लावलेलंच मिळतं. साठ इंची पन्हा, दोन मीटर माझ्या गाडीला पुरलं. नुसतं साधं कापड स्वस्त पडतं, पण ते बोर्डावर चिकटवलं की खालची प्रत्येक उणीव वर दिसते; मधला थर नको म्हणून भागत नाही. घेण्याआधी ताणून बघा, आडवं आणि उभं. एका दिशेला जास्त ताणेल. ती दिशा बोर्डाच्या रुंदीकडे ठेवा, कारण खिडक्यांच्या बाजूला वळणं जास्त. रंग मी राखाडी घेतला. आईला मोरपंखी हवा होता. अजून ऐकवते.

सोल्युशन म्हणजे चांभार तळव्याला आणि सुतार सनमायकाला लावतात तेच, द्रावकात पातळ केलेलं कृत्रिम रबर. घेताना उष्णतेला टिकणारं मागा. कागदी फुलं चिकटवायचे साधे स्प्रे वैशाखात हात टेकतात. डब्याचं झाकण उघडलं की डोक्यात जाणारा वास येतो, आणि तो वास पेट घेणारा असतो. म्हणून उघड्यावर, चूल-शेगडीपासून लांब, आणि तिन्हीसांजेच्या दिव्याच्या आत काम उरकलेलं बरं. आता सगळ्यात न पटणारी गोष्ट येते. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोर्डालाही आणि फोमच्या पाठीलाही. आणि लावून झाल्यावर चिकटवायचं नाही.

थांबायचं.

हे थांबणं अंगावर येतं. आयुष्यभर आपण गोंद लावला की पटकन दाबला. इथे ओला असताना दाबलंत तर द्रावक आत अडकतं, फोमला खातं, आणि उन्हात त्याचेच फुगे होऊन वर येतात. ते उडून जाऊ द्यायचं. पावसाळी हवेत ते उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं, आणि दोन्ही बाजूंमध्ये न दिसणारी ओल बसते. म्हणून कोरड्या महिन्यांची वाट बघायची. किती थांबायचं? दहा मिनिटं, वीस मिनिटं, हवा सांगेल तसं. घड्याळ बघू नका, बोटाची मागची बाजू टेकवा. तार सुटली तर अजून ओलं. बोटाला काही लागलं नाही पण बोट सोडवत नाही, असं झालं की वेळ झाली. वाळल्यासारखं वाटतं तेव्हाच ते धरायला तयार होतं. दोन रबरी थर एकमेकांना टेकले की त्याच क्षणी पक्के. उचलून सरळ करू म्हणायची सोय नाही.

त्यामुळे सगळं कापड एकदम टाकू नका. ते बोर्डावर कोरडंच पसरा, चारी बाजूंनी चार बोटं बाहेर आलेलं बघा, मग अर्धं मागे दुमडा, पांघरूण अर्धं सारतो तसं. एका अर्ध्याला लावा, थांबा, मधल्या रेषेपासून कापड खाली सोडत न्या आणि तळव्याने मधून बाहेर सारत जा. ओढू नका. इथे हाताला फार मोह होतो: ताणलं की सुरकुती जाते. पण दिव्याच्या खळग्यावर, वायझरच्या खाचेत ताणलेलं कापड पुलासारखं अधांतरी राहतं, आणि अधांतरी राहिलेलं पहिल्या उन्हाळ्यात सुटतं. आधी खळग्यात बोटांनी उतरवा, तळाला टेकवा, मग पुढे. कापड पुरेल. त्याला खोल जायला जागा दिलीत तर ते जातं.

पहिला अर्धा भाग माझ्या हातून इतका बरा उतरला की मी शेफारले. दुसऱ्या अर्ध्यात, मागच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर जिथे फुगा होता तिथेच, हात जरा आधी टेकला. करंगळीएवढी सुरकुती धरली. नख लावून बघितलं. नाही. "राहू दे आता," काका म्हणाले. "उचललीस तर फोम फाटेल." ती राहिली.

मग कडा मागे दुमडून चिकटवल्या आणि बोर्ड पालथा घालून रात्रभर तसाच ठेवला. भोकं दुसऱ्या दिवशी. दिव्याच्या जागी पाठीमागून अधिकच्या चिन्हासारखी छोटी चीर, आणि चार कोपरे आत दुमडायचे. सरळ गोल कापलं तर कापड कडेने मागे सरकतं. स्क्रूंची भोकं डोळ्यांनी सापडत नाहीत. पाठीमागून बोट घालून, पुढून दुसरं बोट फिरवून, दोन्ही बोटं एकमेकांना सापडली की तिथे टोचायचं. बसवणं म्हणजे काढण्याचंच उलटं. सहा वाट्या एकेक रिकाम्या होत गेल्या. पाचवीत एक स्क्रू उरला. कुठला ते अजून कळलेलं नाही.

तुमचंही बसवून झालं असेल तर परत मागच्या सीटवर या. दार उघडं, पाय बाहेर, मान मागे. वर बघा. डोळ्यांना पहिल्यांदा काहीच सापडणार नाही, नजर सरकत राहील. मग कुठेतरी अडकेल. तुमच्या हातून झालेली जागा कुठे आहे ते तुम्हाला माहीतच असतं. हात वर करून ती दाबून बघा. चुरचुर नाही. मऊ, आणि त्याच्या मागे टणक.

चार दिवसांनी आईला पावस गावी घेऊन गेले. ती नेहमीच्या जागी बसली, सवयीने पदर डोक्यावर घेतला, मग काढला. वाटेत मी दोनदा आरशातून बघितलं. ती बाहेर बघत होती. भाट्याच्या पुलावर वारा आला. मला वाटलं आता म्हणेल काही.

"काच खाली कर गो," ती म्हणाली. "वास येतोय तुझ्या सोल्युशनचा."